रीवाला न जमणारी कॉर्ड

लिक फोर्कच्या खोऱ्यात रीवा स्टँपरच्या गिटारबद्दल कुणी कधी काही बोलत नसे, आणि हीच तिची कीर्ती होती. चाळीस वर्षं ती दर शनिवारी नवऱ्याच्या, होबार्टच्या मागे एका लाकडी खुर्चीवर बसून गिटार वाजवत आली. बंद पडलेल्या शाळेच्या मोठ्या खोलीत नाच चाले. पुढे होबार्टचा बँजो आणि डॉर्सी मेबचं फिडल, म्हणजे गावठी ढंगाचं व्हायोलिन, एकमेकांवर कुरघोडी करत, टाळ्या घेत. मागे रीवा सूर आणि ताल दोन्ही सांभाळून बसलेली. ती चुकली असती तर नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले असते. ते कधी अडकले नाहीत, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. याचं तिला वाईट वाटत नसे असं म्हणणं खोटं ठरेल. वाटायचं, पण घरी पोचून चूल पेटवेपर्यंत ती ते विसरून जायची.

म्हणूनच त्या उन्हाळ्यात रीवाला बँजोवर एक साधी एफ कॉर्ड, म्हणजे काही तारा एकदम दाबून काढायचा स्वरमेळ, जमत नाही असं कळलं तेव्हा लोक चाट पडले. बातमी पसरवायला कुणाला घरोघर फिरावं लागलं नाही. होबार्ट पडवीत बसून जे ओरडायचा ते रस्त्यावरून लाकडं नेणाऱ्या ट्रकवाल्यांनाही ऐकू जायचं.

त्याचं असं झालं होतं की मार्चमध्ये कुंपणाच्या तारा ताणताना होबार्ट खाली बसला तो उठेना. डावं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली, आणि काय ठेवायचं नि काय न्यायचं हे ठरवताना देवानं जरा घाईच केली असं शेजारच्या बायकांचं मत पडलं. डॉक्टर म्हणाला, पाय येईल, काठी घेऊन चालेल. हाताचं सांगता येत नाही. जे काय परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, मग जे राहिलं ते राहिलं. बोटं रोज हलवायची, एकेक करून. त्यासाठी त्यानं एक लाल रबरी चेंडू दिला.

होबार्टनं चेंडू कुत्र्याला दिला. कुत्र्यानं तो पडवीखाली नेला. रीवानं दुसरा आणला, तोही पडवीखाली गेला. तिनं समजावलं, भांडून पाहिलं, एकदा तर रडलीसुद्धा, आणि रडणं हा काही तिचा स्वभाव नव्हता. तो एवढंच म्हणाला की ज्या हातानं अख्खं खोरं नाचवलं त्या हातानं तो पोराबाळांसारखा चेंडू दाबत बसणार नाही. मग दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला घेतल्यासारखा तो हात मांडीवर ठेवून तो समोरच्या डोंगराकडे बघत राहिला.

हाताची चिंता होतीच. पण रीवाला खरी धास्ती होती ती त्याच्या गप्प बसण्याची. मार्चपासून त्यानं जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. मक्याच्या पावाचा तुकडा करपलेला असला तरी खाऊन घेई. लग्न झाल्यापासून तिनं ज्या कुरकुरीला शिव्या घातल्या ती थांबली, आणि घरात एक माणूस कमी झाला आहे असं तिला वाटू लागलं. हात गेला तर हा माणूसही त्याच्यामागून जाईल, हे तिला दिसत होतं. सप्टेंबरपर्यंत मुदत होती.

मे महिन्यात डॉर्सी मेब आला. टोपी हातात धरून तो पायरीवर बसला, ताक प्यायला, मक्याच्या पेरणीचं विचारलं आणि शेवटी मुद्द्यावर आला. बँजोशिवाय नाचात जीव राहिला नव्हता. शेवटची धून तर वाजतच नव्हती. लिक फोर्कचा रिवाज असा की नाच त्या एका धुनेनं संपतो; ती वाजली की लोक कोट उचलतात. आता लोक ताटकळत उभे राहत, कोट घ्यावा की नाही ते कुणाला कळेना. तालुक्याच्या गावी लायल कॉक्स नावाचा एक माणूस होता, बरा वाजवायचा. होबार्टची हरकत नसेल तर त्याला विचारावं असं मंडळींच्या मनात होतं.

होबार्ट म्हणाला, विचारा. हवापाण्याबद्दल बोलावं तसा म्हणाला. रीवा दारात उभी होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "कशाला हवाय लायल? मी शिकते बँजो."

होबार्ट हसला. पोट हलेपर्यंत हसला.

"ही? डॉर्सी, ही गिटारवाली बाई. हिच्या हातात बँजो दिलास तर त्यावर कणीक मळेल ती."

रीवाला ते लागलं, कारण ते खरं होतं. पण मार्चपासून तो पहिल्यांदाच हसला होता. अपमान आणि आनंद एकदमच झाल्यामुळे तिला नीट रागावताही येईना. तिनं आत जाऊन खाटेखालची पेटी ओढली आणि बँजो बाहेर काढला.

बँजो आणि गिटार ही चुलत भावंडं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ती एकमेकांना किती पाण्यात पाहतात ते शिकायला बसल्यावरच कळतं. मधल्या तीन तारा दोन्हींवर सारख्या लागतात. त्यामुळे गिटारवाल्याचा हात घरी आल्यासारखा निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो, कारण पहिली तार बँजोवर सुरात दोन पडदे, म्हणजे गळ्यावरच्या दोन पट्ट्यांएवढी, खाली उतरवलेली असते. गिटारवर एफला पहिलं बोट दोन तारांवर आडवं टाकलं की भागतं. बँजोवर त्या बोटानं एकच तार टोकानं धरायची, आणि पहिल्या तारेसाठी करंगळी दोन पडदे पुढे पाठवायची. चार तारा, चार बोटं, एकही रिकामं नाही. त्यात रीवाची करंगळी चाळीस वर्षं जवळजवळ बसून खाल्लेली.

शिवाय तिचा हात जाड तारांना सरावलेला. ती इतक्या जोरानं दाबायची की बँजोच्या पातळ तारा चढ्या बोलायच्या. सगळी बोटं जागच्या जागी असली तरी कॉर्ड बेसूर वाजायची, आणि पडवीतून आवाज यायचा.

"अगं, तार आहे ती, कोंबडीची मान नाही. सैल सोड."

रीवा सैल सोडायची. मग तार नुसतीच फुरफुरायची.

"आता काय, फुंकर घालतेस होय तिच्यावर?"

असे दिवस चालले. उजव्या हाताचं तिला लवकर जमलं. ती गिटारही बोटांनीच वाजवायची, फक्त अंगठ्याला आखूड पाचव्या तारेची सवय लावावी लागली. डावा हात हट्टाला पेटला होता. त्यात शेवटची धून म्हणजे कहर. तिच्यात बोटांची एफचीच बांधणी घेऊन गळ्यावर वर जायचं आणि तिथून पुढच्या कॉर्डवर उडी घ्यायची. बाहेरची दोन बोटं तारा न सोडता सरकतात, आतली दोन आपसांत जागा बदलतात, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. होबार्ट ते कसं करतो हे रीवानं मागच्या खुर्चीवरून हजारदा पाहिलं होतं. पण तिच्या बोटांनी थोडंच पाहिलं होतं?

जूनमधल्या एका दुपारी ती स्वयंपाकघरात बसून त्याच उडीशी झुंजत होती आणि होबार्ट बाहेरून ओरडत होता, मधलं बोट आत, पहिलं बाहेर, आत म्हणजे तुझ्याकडे नाही, अगं दुसऱ्या तारेवर. तिचा संयम सुटला.

"तोंडानं सांगून कुणाला येतं का? एवढं येतंय तर येऊन दाखव!"

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. मग काठीचा आवाज आला, त्यामागे पाय फरफटल्याचा. होबार्ट आत आला, तिच्यासमोरच्या खुर्चीवर धपकन बसला आणि त्यानं बँजो मांडीवर ओढून घेतला. डाव्या हाताची बोटं त्यानं उजव्या हातानं एकेक करून उचलली आणि तारांवर ठेवली. अनामिका इथे, मधलं इथे, पहिलं इथे. करंगळी ठेवली तशी घसरली. परत ठेवली, परत घसरली. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ही अशी," तो म्हणाला. "बघितलीस?"

"परत एकदा दाखव," रीवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तिला जमलं नाही, आणि तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारायच्या आधीच काठी वाजली. त्या आठवड्याच्या शेवटी कधीतरी त्यानं पहिलं बोट उचलून तारेवर ठेवायला उजवा हात पुढे केला, आणि त्याआधीच ते बोट थोडं वाकलं. अगदी थोडं. त्यानं पाहिलं की नाही कळलं नाही. रीवानं पाहिलं. ती उठून चुलीवरचा घेवडा ढवळू लागली, पाठ करून. डोळ्यांत आलेलं पाणी होबार्टला दिसलं असतं तर त्यानं हात खिशात घातला असता आणि परत बाहेर काढला नसता.

जेवणाला नावं ठेवणंही त्याच सुमारास सुरू झालं. घेवड्यात मीठ कमी आहे असं तो म्हणाला तेव्हा तिनं त्याला मिठाची बरणीच आणून दिली आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

जुलैच्या शेवटी एका सकाळी डॉर्सी होबार्टला केस कापायला घेऊन गेला. रीवा ओसरीवर बसून सरावाला लागली. तिनं शेवटची धून सुरू केली, वर गेली, उडी घेतली, आणि बोटं बरोबर जागेवर पडली. तिला वाटलं योगायोग असेल. परत वाजवली. परत पडली. मग तिनं अख्खी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, जशी शनिवारी वाजायची तशी, आणि संपल्यावर ती तशीच बसून राहिली. आयुष्यभर ती कुणाच्या तरी मागे वाजवत आली होती. आज तिच्यापुढे कुणी नव्हतं. हे कुणीतरी ऐकायला हवं होतं असं तिला इतक्या कळकळीनं वाटलं की तिनं कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा झोपला होता.

तेवढ्यात वळणावर डॉर्सीच्या ट्रकचा आवाज आला. आता होबार्ट येणार, तिला वाजवताना ऐकणार, मान डोलावणार, आणि पडवीत जाऊन हात मांडीवर ठेवून बसणार. त्याच्या तीन बोटांत थोडा जीव आला होता. करंगळी अजून मेल्यासारखी पडून होती. ट्रक थांबेपर्यंत तिनं ठरवलं होतं.

"काय, जमलं का?" होबार्टनं उतरता उतरता विचारलं.

"कुठलं जमतंय," रीवा म्हणाली आणि वाजवून दाखवलं. उडी घेताना तिनं करंगळी एक पडदा अलीकडे टाकली. होबार्टनं कानावर हात ठेवला, मग काठी टेकत येऊन तिच्यासमोर बसला.

मुद्दाम चुकणं तिला ती कॉर्ड शिकण्याहून जड गेलं. हात आपोआप बरोबर जागी जाई, त्याला दर वेळी खेचून अलीकडे आणावं लागे. ज्या बाईनं नाचणाऱ्यांना चाळीस वर्षं कधी ठेच लागू दिली नाही तिला आपल्याच हातानं बेसूर वाजवून ते ऐकत बसावं लागे, आणि वर नवऱ्याची बोलणी खावी लागत. कधी कधी तिला वाटे, एकदा, फक्त एकदाच, बरोबर वाजवून त्याचं तोंड बंद करावं. पण मग तो बँजो ओढून घेई आणि त्याची बोटं आधीपेक्षा थोडी लवकर जागेवर जात. ती पुढच्या वेळीही चुकतच राही.

डॉर्सी दर आठवड्याला विचारून जाई. रीवा सांगे, अजून नाही. खोऱ्यात चर्चा सुरू झाली की रीवाचं आता वय झालं. चर्चच्या जेवणात दोघी-तिघींनी तिला बटाट्याची कोशिंबीर वाढता वाढता धीर दिला. एकीनं तर खांद्यावर हात ठेवून म्हटलं की गिटार वाजवतेस तेवढं पुरे आहे की गं, प्रत्येकाला सगळं कसं येणार. रीवानं मान हलवली आणि बटाटा गिळला. रात्रभर तिला ते बोलणं टोचत राहिलं. तिला मनापासून त्या पुढच्या खुर्चीवर बसायचं होतं. आता तर तिला तिथे बसता येत होतं, आणि तेच कुणाला सांगायची सोय नव्हती.

ऑगस्ट संपता संपता डॉर्सी पुन्हा आला. या वेळी तो पायरीवर बसला नाही. मंडळी आता थांबायला तयार नव्हती. लायल कॉक्सशी बोलणं झालं होतं, येत्या शनिवारी तो बसणार होता. रीवानं गिटारवर यावंच, ती नसेल तर काही उभंच राहणार नाही, असंही तो म्हणाला, आणि ते त्यानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं होतं. रीवा म्हणाली, येईन. तिनं त्याला पिशवीभर टोमॅटो दिले आणि फाटकापर्यंत सोडून आली.

ती परतली तेव्हा होबार्ट पडवीत नव्हता. स्वयंपाकघरात, तिच्या खुर्चीसमोर बसला होता.

"वाजव," तो म्हणाला.

"आता कशाला? लायल आला ना."

"वाजव म्हणतो ना."

तिनं शेवटची धून घेतली. उडीपाशी आली, करंगळी एक पडदा अलीकडे टाकली आणि त्याची ओरड ऐकायला तयार झाली. तो ओरडला नाही.

"रीवा, खरं चुकणारा माणूस कधी इथे चुकतो, कधी तिथे. एखाद्या वेळी चुकून बरोबरही वाजवतो. तू महिनाभर एकाच पडद्यावर चुकतेयस. इतकं नेमकं चुकायला फार चांगलं वाजवता यावं लागतं."

रीवाचे हात तारांवर होते तिथेच राहिले. खोटं बोलण्यात तिला कधी गती नव्हती. महिनाभर निभावलं हेच पुष्कळ होतं.

"येतं मला," ती म्हणाली. "जुलैपासून येतं. तुला चेंडू आणून दिला तर तू कुत्र्याला देतोस. मग मी दुसरं काय करणार होते, सांग."

ती वाट बघत राहिली. आता हा उठेल, काठी आपटेल, फसवलंस म्हणेल, पडवीत जाऊन बसेल, आणि सप्टेंबर तसाच निघून जाईल. होबार्टनं हात पुढे करून बँजो मागितला. त्यानं तो मांडीवर घेतला आणि उजवा हात बाजूला टेबलावर ठेवून दिला. डाव्या हाताची अनामिका हळूहळू वाकली आणि चौथ्या तारेवर बसली. मग मधलं बोट. मग पहिलं. करंगळी उचलली गेली, हवेत थरथरत पुढे सरकली आणि तारेच्या अलीकडे थांबली. त्यानं दात आवळले. ती तिथून हलेना.

"ही बघ," तो म्हणाला. "अजून पोचत नाही. मला चौदा-पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं तुझं सोंग. बोललो असतो तर तू थांबली असतीस."

रीवाला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. या वेळी तिनं पाठ केली नाही. होबार्टनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि हात खिशात न घालता तिथेच बँजोच्या गळ्यावर राहू दिला. लायल कॉक्स कोण मोठा लागून गेला, असं काहीतरी तो पुटपुटला. त्या खुर्चीवर तिनं बसायला हवं होतं, आणि ती आपल्यापायी बसली नाही, हे त्याला सलत होतं. ते मात्र त्यानं सरळ बोलून दाखवलं. रीवा म्हणाली, खुर्ची कुठे पळून जात नाही.

मग त्यानं बँजो तिच्याकडे दिला.

"आता सरळ वाजव. तुला नीट वाजवताना मी अजून ऐकलेलं नाही."

रीवानं डोळे पुसले, तारा एकदा तपासल्या आणि शेवटची धून पहिल्यापासून घेतली. ती वर गेली, उडी घेतली, उतरली, पुन्हा वर गेली. होबार्ट मधे एकदाही बोलला नाही. मांडीवरच्या त्याच्या हाताची तीन बोटं तिच्या कॉर्डबरोबर वाकत होती, सरळ होत होती. चौथं मागे राहत होतं.

"माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवतेस," धून संपल्यावर तो म्हणाला. "मी ती उडी नेहमी थोडी चोरायचो, एक बोट सोडून द्यायचो."

"माहीत आहे," रीवा म्हणाली. "मागून ऐकू यायचं."

त्यानं काठी उचलली आणि उठायला लागला. दारापाशी जाऊन तो थांबला. तिच्याकडे न बघताच तो बोलला.

"उद्यापासून परत चुकायला लाग. आणि रोज वेगळ्या ठिकाणी चुकत जा, म्हणजे मला नीट ऐकून दाखवावं लागेल."